धाकटी पाणबुडी

दातवाल्याने आयुष्यात कुणाचा एकही दात उपटला नव्हता. तो दात बनवायचा. शहरातले डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे त्याच्या लॅबमध्ये पाठवत, आणि तो मेणातून, धातूतून असा दात घडवून द्यायचा की ज्याच्या तोंडात तो बसे त्याच्या जिभेलाही शेजारच्या दाताशी फरक कळत नसे. गल्लीत आणि सासरी त्याचं नाव पडलं ते दातवालाच, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. प्रत्येकाला कशाचा तरी गर्व असतो. कुणाला रंगाचा, कुणाला मुलांच्या मार्कांचा. ह्याला आपल्या बोटांचा होता. सासरी चष्म्याची दांडी निखळली, गळ्यातल्या साखळीची कडी तुटली, तर हाक ह्यालाच. "त्याच्याकडे द्या, त्याच्या हाताला यश आहे," असं सासूबाई म्हणायच्या, आणि हा "छे, त्यात काय," म्हणत हात पुढे करायचा.

सासऱ्यांचं औषधांचं दुकान होतं. वयाची सत्तरी उलटली तरी सकाळी पांढरा कोट चढवून ते काउंटरमागे बसत. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांना स्वतःला लागलं नाही तरी त्यांना लागायचं. तरुणपणी औषधाच्या पुड्या हाताने बांधायच्या असत, तेव्हापासूनची त्यांना एक सवय होती: कुठलीही लहान वस्तू तळहातावर घेतली की ती जराशी झेलायची आणि वजन सांगायचं. मग काट्यावर ठेवून बघायची. काटा बहुधा त्यांचंच म्हणणं खरं करायचा.

ह्या माणसाचं एकच खूळ होतं. कपाटावर एक जुना खोका होता. झाकणावर काळ्या लाटा, मधोमध मोडून बुडणारं जहाज, आणि कोपऱ्यात पाण्यातून डोकं काढून बघणारी दुर्बीण. आत घडीचा पट, त्यावर चौकोनाचौकोनांचा समुद्र, मालवाहू जहाजं, त्यांच्या राखणीच्या बोटी आणि तीन पाणबुड्या. सगळं शिशाचं, बोटांनी हाताळून हाताळून रंग उडालेलं. हा खेळ सासऱ्यांनी आणि त्यांच्या एका शिंपी मित्राने तरुणपणी एका मोडीत निघालेल्या दुकानातून निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला होता. एकाने जहाजांचा तांडा पलीकडच्या बंदराला न्यायचा, दुसऱ्याने पाणबुड्यांनी तो बुडवायचा. पाणबुडीवाला आपल्या जागा पुठ्ठ्याच्या आडोशामागे मांडतो; टॉर्पेडो सोडेपर्यंत त्या कुणाला दाखवायच्या नसतात. जहाजवाल्याने समोरच्याच्या तोंडाकडे बघत, समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते ओळखायचं आणि अंदाजाने पाण्यात बॉम्ब टाकायचे.

शिंपी गेला आणि खोका कपाटावर गेला तो कितीतरी वर्षं खाली उतरला नाही. लेकीचं लग्न झाल्यावर पहिल्याच पावसाळी रविवारी सासऱ्यांनी तो उतरवला, फडक्याने पुसला आणि म्हणाले, "जावईबापू, बसता का?" बायको दातवाल्याला नंतर म्हणाली की लहानपणी मला त्या खोक्याला हात लावू दिला नाही, आणि तुझ्यापुढे ताट वाढल्यासारखा मांडला. तेव्हापासून रविवार दुपार ठरून गेली होती. सासरे पाणबुड्या घ्यायचे, जावई जहाजं, आणि जावई बहुधा बुडायचा.

तीन पाणबुड्यांना सासऱ्यांनी नावं ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. "पोटी लेक एक, आणि सुना तीन," सासूबाई म्हणायच्या. "त्याही अशा की घर बुडवायलाच निघालेल्या." धाकटीची दुर्बीण वाकडी होती. पहिल्या दिवसापासून ती दातवाल्याच्या डोळ्यांत खुपत होती. वाकडी गोष्ट सरळ करायची हे त्याचं पोटापाण्याचं काम. दर रविवारी त्याची बोटं शिवशिवायची, आणि दर रविवारी तो गप्प बसायचा.

त्या रविवारी त्याचा तांडा बंदराच्या तोंडाशी बुडाला. सासरे खुशीत होते. तेवढ्यात दुकानातून फोन आला. दुकानात एक मदतनीस बाई होती, तिला कुठल्याशा औषधाच्या मात्रेबद्दल विचारायचं होतं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. सासरे उठून आत गेले. सासूबाई आणि बायको स्वयंपाकघरात होत्या. पटावर धाकटी आडवी पडली होती.

दातवाल्याने ती उचलली. नुसती जराशी सरळ करू, म्हणजे बाबा आले की खूश होतील, असं त्याच्या मनात होतं. अंगठ्याचं नख टेकवून त्याने दुर्बीण हळूच दाबली. हजारो तारा वाकवलेली ती बोटं; किती जोर लावायचा हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. पण जुनं शिसं आतून सडलं होतं. बारीक आवाज झाला आणि दुर्बीण मोडली, नुसती मोडली नाही तर आपल्याबरोबर बुरूज घेऊन आली, आणि पोटातून चीर जाऊन धाकटीचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर पडले.

तुकडे पटावर ठेवायचे आणि सासरे येईपर्यंत थांबायचं. एवढंच करायचं होतं. सासरे चार शब्द बोलले असते, सासूबाईंनी "हाताला यश" म्हणून महिनाभर चिडवलं असतं, आणि विषय संपला असता. पण त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. आपल्याच हातून, आणि तेही शहाणपणा करायला जाऊन. आतून चप्पल वाजली तशी त्याची मूठ आपोआप मिटली आणि तुकडे शर्टाच्या खिशात गेले. लॅबमध्ये नेऊ, जोडू, पुढच्या रविवारी गुपचूप जागेवर ठेवू, असा हिशोब त्याने त्या दोन पावलांत केला.

सासरे बोलत बोलत खोका आवरायला लागले. प्रत्येक जहाजाला खोक्यात आपापला खळगा होता. शेवटी एक खळगा रिकामा राहिला.

"धाकटी कुठे गेली?"

"तुमच्या हातात होती ना, बाबा," दातवाला म्हणाला. "फोन घ्यायला उठलात तेव्हा."

हे वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. पण ते इतकं सरळ, इतकं सहज आलं की त्याला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. सासऱ्यांनी आपला उजवा हात उघडून तळव्याकडे पाहिलं. मग ते आत गेले, फोनपाशी शोधून आले, खिसे चाचपले, पलंगाखाली वाकून पाहिलं. सासूबाई हसत होत्या. परवा चष्मा कपाळावर असताना ह्यांनी सगळं घर पालथं घातलं, मागच्या आठवड्यात किल्ल्या साखरेच्या डब्यापाशी सापडल्या, असं त्यांनी सांगितलं, आणि मग गंमत म्हणून फ्रीजही उघडून पाहिला. बायकोही हसली. दातवाला सोफ्याखाली गुडघ्यांवर वाकून हातातल्या बॅटरीचा उजेड इकडेतिकडे फिरवत होता, आणि वाकला की खिशातले तुकडे एकमेकांवर वाजत होते.

सासरे मात्र हसले नाहीत. खुर्चीवर बसून ते म्हणाले, "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू. मग माणसं."

सासूबाईंनी फ्रीजचं दार लावून टाकलं. त्यांच्या आईने शेवटी शेवटी त्यांनाच 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दातवाल्याने तुकडे जोडायला घेतले. सोबतची माणसं जेवायला गेली होती. त्याने ज्योत अगदी बारीक केली, अंतर राखलं, श्वाससुद्धा रोखून धरला. पण शिसं ते शिसं. ज्योत लागली न लागली तोच एक तुकडा पाघळला आणि विटेवर चकचकीत गोळी होऊन बसला. राहिला तो अर्धा तुकडा. एका चुकीवर पांघरूण घालायला जावं तर पांघरूणच जळावं, अशी गत झाली.

मग त्याने दुसरी धाकटी करायला घेतली. उरलेला अर्धा भाग समोर ठेवून मेणात तसाच आकार कोरला, दुसरा अर्धा आठवणीतून. दुर्बीण आधी होती तेवढीच, त्याच बाजूला वाकडी केली. साचा भरला, भट्टीत मेण जाळलं, दातांच्या टोप्यांना वापरायचा तो धातू ओतला. थंड झाल्यावर घासला, राखाडी रंग दिला, जिथे बोटं लागतात तिथला रंग पुन्हा उडवला, खाचांत काळं भरलं. काम असं झालं की एरवी त्याने चार लोकांना बोलावून दाखवलं असतं. आता मात्र कुणाची चाहूल लागली की तो त्यावर फडकं टाकत होता.

तिकडे रोज संध्याकाळी बायको माहेरी फोन करायची आणि डोळे पुसत फोन ठेवायची. बाबांनी केराची टोपली वर्तमानपत्रावर उपडी करून चिवडली. बाबा दुकानाचं कुलूप ओढून बघायला रस्त्यातून परत गेले. खरं म्हणजे कुलूप ओढून बघायला ते आयुष्यभर परत जात आले होते. पण आता सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर लागले होते, आणि डोळे लागले की माणसाच्या साध्या खोडीचंही लक्षण होतं. दोनदा दातवाल्याने सांगायचं म्हणून तोंड उघडलं. एकदा बायको म्हणाली, "बरं झालं तू तिथे होतास. नाहीतर हातात होती हे कळलंच नसतं." त्याच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. लोकांना चावायला दात देणाऱ्याची स्वतःची दातखीळ बसली होती.

रविवारी त्याने पाणबुडी सोफ्याच्या फटीत सरकवली आणि थोड्या वेळाने तिथूनच बाहेर काढली. "ही बघा. इथे होती."

सासूबाईंनी कपाळाला हात लावून सुटकेचा श्वास टाकला. बायकोने आनंदाने त्याचा दंड धरला. सासऱ्यांनी हात पुढे केला, धाकटी घेतली, आणि सवयीने तळव्यावर जराशी झेलली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी ती पुन्हा झेलली.

"ही धाकटी नाही," ते हळूच म्हणाले. "ही हलकी आहे."

"बाबा, असं काय करता?" बायको म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावू लागली. ही बघा वाकडी दुर्बीण, हा बघा उडालेला रंग, दुसरी कुठून येणार? मग तिने नवऱ्याकडे वळून म्हटलं, "तू सांग ना. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

सासरेही त्याच्याकडे बघत होते. त्या बघण्यात आरोप नव्हता. खोल पाण्यात गेलेला माणूस काठावरच्याकडे बघतो तसे ते बघत होते.

"तीच आहे, बाबा," दातवाला म्हणाला.

सासऱ्यांनी मान हलवली. धाकटी खळग्यात ठेवली, झाकण लावलं, आणि आज डोकं जड आहे, खेळ नको, असं म्हणून आत जाऊन पडले.

त्या आठवड्यात त्यांनी पांढरा कोट खुंटीला लावला. मदतनीस बाईला बोलावून सांगितलं की उद्यापासून काउंटर तुझं. ती गोंधळली, काही चुकलं का म्हणाली. सासरे म्हणाले की तुझं नाही, माझंच चुकतंय. माझ्या हाताला आता वजन कळत नाही आणि काय कुठे ठेवलं ते ध्यानात राहत नाही. असल्या माणसाने औषध देणं म्हणजे एक दिवस कुणाचा तरी जीव घेणं. नवीन औषधवाला ठेवेपर्यंत तूच बघ. हे सगळं सासूबाईंनी फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाल्या की दिवसभर खिडकीशी बसून असतात, चहासुद्धा मागत नाहीत.

विस्मरणाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली गेली. सोबत कुणी जायचं हा प्रश्न आला, तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापूंना येऊ दे. त्यांना सगळं माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंची खोली लहान आणि उजेडाची होती. त्यांनी सासऱ्यांना घड्याळ काढायला सांगितलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले. सासरे परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ बसून उत्तरं देत होते. शब्द सगळे आठवले. मग बाईंनी विचारलं की काय काय घडलं, तुमच्या शब्दांत सांगा.

सासऱ्यांनी काही लपवलं नाही. चष्मा सांगितला, किल्ल्या सांगितल्या, कुलूप सांगितलं. मग म्हणाले, "एक जुना खेळ आहे माझा. त्यातली एक पाणबुडी माझ्या हातात होती आणि मी ती कुठेतरी ठेवली. मला काही आठवत नाही, पण ह्यांनी पाहिलं. मग ती सापडली तर मला ओळखू येईना. मी भांडलोसुद्धा लेकीशी, की ही नव्हेच. तीस-पस्तीस वर्षं हातात खेळवलेली वस्तू, आणि हात सांगतो ही परकी आहे. डॉक्टर, माझ्या आईला मी परका झालो होतो. म्हणून म्हटलं, वेळेत विचारावं."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"ते लिहू नका," दातवाला म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. "पाणबुडी माझ्याकडून मोडली. त्यांच्या हातात नव्हतीच. मी खिशात घातली. सापडली ती मी बनवलेली होती. त्यांना बरोबर कळलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी कामाच्या स्वरात त्यांनी विचारलं की किल्ल्यांचं काय, कुलपाचं काय. आणि दातवाल्याला एकेक गोष्ट सोडवून सांगावी लागली: किल्ल्या साखरेच्या डब्याशी सासूबाई स्वतःच कधीकधी विसरतात, कुलूप ते पूर्वीपासून बघतात, चष्मा तर कुणाचाही हरवतो. इतके दिवस ह्या सगळ्याचा अर्थ त्याला एकट्याला ठाऊक होता. ऐकून बाई म्हणाल्या की चाचणी वयाच्या मानाने चांगली आहे, आज तरी काळजीचं काही दिसत नाही, वर्षाने एकदा दाखवून जा. मग दातवाल्याकडे न बघता म्हणाल्या, "घरी सगळ्यांना सांगा."

तो सासऱ्यांकडे बघायला धजत नव्हता. शेवटी पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटका होती. फाशी रद्द झालेल्या माणसासारखा तो चेहरा मोकळा झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून दातवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर सोपं गेलं असतं.

परतताना सासऱ्यांची गाडी दातवाला चालवत होता. एका सिग्नलला सासरे म्हणाले, "हलकी होती."

"हो, बाबा."

"कितीने?"

"तिसऱ्या हिश्श्याने असेल. शिसं जड असतं."

"तेवढंच वाटलं मला." सिग्नल सुटला. मग म्हणाले, "सरळ कशाला करायला गेलास? ती वाकडी शिंप्याने केली होती. सलग हरला आणि चिडून भिंतीवर फेकली. मग तासभर रडवेला होऊन बसला होता समोर. ती वाकडी होती म्हणून तर मी पहिली तीच हातात घ्यायचो."

जावईबापू गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला 'तू' म्हटलं होतं. मान गेला म्हणून, की आता काय लपवायचं म्हणून, ते त्याला कळलं नाही आणि विचारायचं तोंड राहिलं नव्हतं.

"दुकानापाशी सोड मला," सासरे म्हणाले. "घरी तू जा आणि तू सांग. तुझ्या वतीने मी काही सांगणार नाही."

ते उतरले आणि मागे न बघता आत गेले. काचेतून दातवाल्याला दिसलं: खुंटीवरचा कोट त्यांनी झटकला, अंगात घातला, आणि मदतनीस बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

घरी सासूबाई आणि बायको वाटच बघत होत्या. त्यांना वाटलं की हा एकटा आला म्हणजे काहीतरी भलतंच निघालं. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. मोडली इथपासून तीच आहे म्हटलं इथपर्यंत. कुठे स्वतःची बाजू आली की ते वाक्य गिळलं.

सासूबाई खाली बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "मी त्यांना गॅसपाशी येऊ देत नव्हते रे. पातेलं हातातून काढून घ्यायचे. आणि कोट धुवायला घरी आला तेव्हा त्याच्या खिशात आतून मी घराचा पत्ता शिवलाय. कुठे हरवले तर कुणी आणून सोडावं म्हणून." त्या थांबल्या. "त्यांनी बघितला असेल का?"

आज तो कोट अंगात घालताना त्यांनी दोन्ही हात खिशांत घातले होते, हे दातवाल्याने पाहिलं होतं. ते मात्र त्याने सांगितलं नाही.

बायको खिडकीशी उभी होती. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. "खोटं तू बोललास ते तुझ्यापाशी," ती म्हणाली. "पण मी त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांना पटवलं. माझ्या बापाला मी वेड्यात काढलं, आणि तू बघत होतास."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. पण चावा बसायचा तो बसतोच.

नंतरचे कित्येक रविवार बायको एकटीच माहेरी गेली. एकदा परत येऊन तिने त्याच्या ताटाशेजारी त्याने बनवलेली पाणबुडी ठेवली. बाबांनी दिली, म्हणाले ज्याची त्याला द्या, एवढंच ती बोलली. त्याने ती लॅबमध्ये नेली आणि नापास झालेल्या दातांच्या डब्यात टाकली. बायकोकडूनच कळलं की आता बाबा तिला खेळ शिकवतात, दोनच पाणबुड्यांनी खेळतात, आणि ती सारखी हरते. ती हळूहळू पूर्ववत बोलू लागली. मात्र तो कशाबद्दलही "मी बघितलं" असं म्हणाला की ती क्षणभर थांबायची. पूर्वी थांबत नसे.

एकदा दातवाल्याचं तोंड आलं. जिभेवर फोड, घास गिळवेना. गल्लीच्या तोंडाशी दुसरं औषधांचं दुकान होतं. पण तो बस पकडून सासऱ्यांच्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडे कुठल्याही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं पाहिलं.

"काय होतंय?"

"तोंड आलंय."

"दिवसातून तीनदा लावायचं. तिखट बंद." त्यांनी फळीवरून नळी काढली, नाव वाचलं, आणि मग ती शेजारी बसलेल्या मदतनीस बाईपुढे धरली. तिने वाचून मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी ती पिशवीत घातली.

तोंड आल्याची साधी नळी. डोळे झाकून दिली असती त्यांनी. दातवाल्याच्या मागे एक बाई खोकल्याचं औषध न्यायला उभी होती, आणि सासऱ्यांनी मागच्या गिऱ्हाइकाचंही असंच दाखवून घेतलेलं त्याने पाहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पास केलं होतं, खोटं उघडं पडलं होतं, सगळ्यांची माफी मागून झाली होती. तरी एवढं राहिलं होतं, आणि ते जोडायला त्याच्या लॅबमध्ये काही नव्हतं. त्याची नजर कुठे गेली ते सासऱ्यांनी ओळखलं.

"सवय लागली आता," ते म्हणाले. "दोनापेक्षा चार डोळे बरे."

"बाबा..."

"सुटे आहेत का?"

त्याने सुटे दिले. पिशवी घेतली तरी त्याचे पाय हलेनात. मागची बाई खाकरली.

सासरे गल्ल्यात पैसे टाकत, मान वर न करता म्हणाले, "लेकीला जहाजं लावता येत नाहीत. सगळा तांडा एका जागी गोळा करते. रविवारी तू ये तिच्याबरोबर."

"खेळायला?"

"तिच्यामागे बसायला. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. नुसतं बसायचं." मग त्यांनी मागच्या बाईकडे पाहिलं आणि खोकला कोरडा की कफाचा, ते विचारलं.

दातवाला "येतो" म्हणाला. ते कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे. काउंटरवरची जागा मोकळी करून तो बाजूला सरकला आणि दाराकडे वळला.